तिन्हीसांजेचं विरजण

शेवंतामावशीचं दही आयुष्यात कधी लागलं नाही.

निदान ती तरी तसंच सांगायची. आमच्या घाटकोपरच्या चाळीत संध्याकाळी घरोघरी देवापाशी उदबत्ती लागली, की ही पितळी वाटी घेऊन गॅलरीत यायची आणि कुणाच्या तरी दारात उभी राहायची. "गो बाय, वायच विरजण दी गो. आज पण माझा दही लागूक नाय!"

आता तुम्हाला ठाऊकच आहे, तिन्हीसांजेला घरातलं दूध-दही कुणी बाहेर देत नाही. लक्ष्मी जाते म्हणतात. सकाळी ये, दुपारी ये, हवं तेवढं ने. दिवे लागल्यावर नाही. मावशी नेमकी तेव्हाच यायची. आणि 'नाही' म्हटलं की डावा कान पुढे करायची. तो कान पार कामातून गेलेला. समोरची घसा फोडून "नाही, नाही" ओरडायची आणि ही आपली चौकटीला टेकून, जन्माची फुरसत असल्यासारखी, आत डोकावत विचारायची, "भाजी कसली केलंस? घोव इलो काय घराक?" शेवटी वैतागून कुणीतरी चमचाभर दही तिच्या वाटीत टाकायचं. शेजारच्या कांबळीकाकू तर तिला लांबून पाहिलं की कडीच लावायच्या.

मी तेव्हा पंचविशीची. दिवसा एका कचेरीत टायपिस्ट आणि रविवारी क्रांतिकारक. उपनगरातल्या बायकांची आमची एक संघटना होती. दर रविवारी दुपारी म्युनिसिपल शाळेच्या वर्गात सभा. पहिलीच्या बाकांवर गुडघे हनुवटीशी घेऊन आम्ही पाचजणी बसायचो. वक्त्या त्याच, श्रोत्याही त्याच. अंधेरीहून विभाताई यायच्या, खांद्याला झोळी, झोळीत पत्रकं. चाळीत मी पत्रकं वाटली तर कांबळीकाकू म्हणाल्या, "ठेव हो तिथे. मुक्त झाले की कळवते." आता रविवारी दुपारी बाई गहू निवडेल, घटकाभर डोळा लावेल, की बाकावर बसून शोषण ऐकेल? पण आम्ही ठराव केला, की बायकांमध्ये जागृती कमी आहे.

सभेत मी मावशीचा किस्सा सांगितला, तर विभाताईंना ती भलतीच आवडली. "उषा, ही बाई रोज अंधश्रद्धेला आव्हान देते गं!" मी ते मावशीला सांगितलं. "असात," ती म्हणाली. "तुझ्याकडे विरजण असा?"

आमची खरी काळजी होती सुनीता. टोकाच्या खोलीतली, लग्नाला वर्षही न झालेली. तिचा नवरा दिनेश पिऊन यायचा आणि दार लावून तिला मारायचा. भिंती चाळीच्या, सगळ्यांना ऐकू जायचं आणि सगळ्यांचे रेडिओ मोठे व्हायचे. आम्ही तिच्या प्रश्नावर सभा घेतली. झकास झाली सभा. फक्त सुनीता नव्हती.

एकदा मावशी तापाने फणफणली. कामावरून आल्यावर मी तिला गोळी द्यायला गेले, तर गोधडीत कुडकुडत ती दाराकडेच बघत होती. "दिवे लागले काय गो?" मी 'हो' म्हणतेय तोच टोकाचं दार धाडकन लागलं आणि सुनीताची किंकाळी आली. मावशी उठायला गेली आणि भिंत धरून मटकन खाली बसली. मग तिने पितळी वाटी माझ्या हातात कोंबली.

"तू जा. विरजण माग."

"मावशी, तिकडे ती मरतेय आणि तुला विरजण सुचतंय?"

"अगो, भांडूक गेलंस तर तो म्हणतलो, आमच्या घरात नाक खुपसू नको. विरजण मागूक इलेल्या बाईक कोण काय म्हणतलो? माग आणि हलू नको. दारात बाई उभी असली की हात वर जाणा नाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पुरुष घरी परतायची वेळ ती हीच, आणि ज्या घरात आवाज चढायचा, मावशी उभी राहायची तीही नेमकी त्याच दारात.

गेले. दार वाजवलं. दिनेशने दार उघडलं. डोळे लालभडक. माझी सगळी भाषणं शाळेच्या बाकावरच राहिली. "विरजण," मी म्हटलं.

"तिन्हीसांजेला देत नाहीत. अक्कल नाही?"

"मग थांबते," म्हटलं आणि उभी राहिले. आत सुनीता जमिनीवर बसली होती, तोंडात पदराचा बोळा. तेवढ्यात मागून आवाज आला, "मलाही हवं होतं जरा." कांबळीकाकू! स्टीलची वाटी घेऊन. मग पलीकडच्या मायलेकी आल्या, दोघींच्या दोन वाट्या. एकजण तर घाईत चहाची गाळणीच घेऊन आली. गाळणीत विरजण कसलं नेणार कपाळ, पण विचारतंय कोण! एकेक रेडिओ बंद झाला. दिनेशने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, चपला घातल्या आणि अंग चोरून जिना उतरला. कांबळीकाकूंनी सुनीताला उठवून आपल्या घरी नेलं.

मी वाटी परत द्यायला मावशीकडे आले. तिला चहा करावा म्हणून दूध शोधलं, तर घरात थेंब नाही. दुधाचं पातेलंसुद्धा नाही. बाई कोरा चहा प्यायची!

"मावशी, मग तू दही लावतेस कशाचं?"

"मी खंय लावतंय? बोक्याक घालतंय."

गॅलरीतला तो बोका एवढा का माजला होता, ते तेव्हा कळलं. मी हसत सुटले. तीही हसली. मग डाव्या कानाला हात लावून म्हणाली, "लगीन झाला तेवा आमी दहिसराक होतंव. थयच ह्यो कान गेलो. लय वरडलंय गो मी. शेजारणी भल्या होत्यो. पण तिन्हीसांजेची दुसऱ्याच्या दारात कोण येतला?"

माझं हसू तिथेच विरलं. रडूच आलं मला.

पुढच्या सभेत मी म्हटलं, पुरे झाले हे बाक, सभा आमच्या चाळीत घेऊ. दिवेलागणीला. पत्रकं नकोत, वाटी आणा. विभाताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण आल्या. त्यांची वाटी कोरी करकरीत, वर दुकानाचं लेबल तसंच.

दिवे लागले. गॅलरीभर बायका वाट्या घेऊन मावशीच्या दारात उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या पुढे सुनीता.

"मावशी, वायच विरजण दे."

मावशी वाती वळत बसली होती. दाराशी इतक्या बायका बघून भांबावलीच. सवयीने तिने डावा कान पुढे केला. सुनीताने पुन्हा मोठ्याने मागितलं.

"माझ्याकडे खंयचा गो विरजण?"

"नसू दे," सुनीता म्हणाली. "आम्ही थांबतो."

मावशीने पदराने डोळे पुसले. मग एकदम लगबगीने उठून चहाचं आधण ठेवायला लागली. "बसा गो, बसा. पण कोरो चाय हां, दूध नाय."

कांबळीकाकू वळल्या. आपल्या घरात गेल्या आणि दुधाचं भरलं पातेलं पदराने धरून घेऊन आल्या, देवापुढे दिवा जळत असताना.