हाजी नादिरची धुतलेली झाडं

बाजाराला निघताना हाजी नादिरांनी रेबवारला आपली ओकची राई दाखवली.

"उद्या सकाळपर्यंत झाडांना जप. मनासारखी दिसली, तर तुझ्या आईला मागणी घालायला बोलाव. नाही दिसली, तर तू कोण आणि आम्ही कोण!"

हाजींच्या मुलीवर, चिनारवर, रेबवारचा जीव जडला होता. इतकी स्वस्त अट ऐकून त्याला हसूच आलं. तो खालच्या सपाट मुलखातल्या कलार गावचा, शेतकी खात्यात नुकताच लागलेला. तिकडे ओक नसतो, पण कीड कुठलीही असो, तो ओळखत असे.

हाजींची पाठ वळताच त्यानं एक पान उलटं करून पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. पानाखाली माव्याचे बारीक किडे खच्चून बसले होते. वरची पानं चिकट, त्यांवर पांढरट थर. एक झाड नाही, सगळी राई!

'म्हातारा परीक्षा बघतोय,' रेबवारनं ताडलं. चिनारला विचारावं, तर शेतकी खात्याची अब्रू जायची. त्यानं पाठीवर खात्याचा फवारणीचा पंप चढवला, पाहुण्यांच्या खोलीतला साबण किसला आणि झऱ्याच्या पाण्यात कालवून दिवस मावळेपर्यंत पान न् पान धुतलं. हाजींचं खेचर खाली उभं राहून ठिबकणारे थेंब चाटत होतं. बिचारं तहानलं असेल, असं त्याला वाटलं.

सकाळी हाजी आले ते सुलेमानिया शहरातल्या उस्ताद तायेर मिठाईवाल्यांना घेऊनच. चिनारनं झाडाखाली चादर अंथरली. हाजींनी एक फांदी तोडून काठीनं बडवली. चादरीवर पानं पडली. नुसती पानं.

"गझो कुठं गेला?" हाजी ओरडले.

 गझोची मिठाई रेबवार लहानपणापासून खात आला होता, पिठात घोळलेली, आत अक्रोड. 'आकाशातून पडतो रे, आधी डोळ्याला लाव,' असं आई सांगायची. पडतो कुठं, ते विचारायचं राहून गेलं होतं. म्हणजे काल धुतलेला तो पांढरट थरच गझो होता!

"रात्री पाऊस झाला का?" उस्तादांनी विचारलं.

चिनारनं रेबवारच्या साबणानं उललेल्या बोटांकडे पाहिलं. "झाला ना! चांगला धो धो झाला."

"धो धो? वाटेत आमच्या नाकातोंडात धूळ गेली," हाजी म्हणाले. त्यांनी एक पान हुंगलं. "आणि पावसाला साबणाचा वास कधीपासून यायला लागला?"

उस्तादांचा चेहरा गंभीर झाला. "हाजी, वरची देणगी अशी परत जाते, तेव्हा घरात काहीतरी वावगं असतं. मी आता गझो दुसरीकडून घेईन म्हणतो."

हाजींचा चेहरा पांढराफटक पडला. रेबवारला ते पाहवेना.

"उस्ताद, घरात काही वावगं नाही. झाडं मी धुतली. मावा पडला होता. आणि तो चिकटा आकाशातून येतच नाही. मावा पानाचा रस पितो आणि मग मागच्या बाजूनं..."

हाजींचा पंजा त्याच्या तोंडावर बसला. "पोराला ऊन लागलंय! चिनार, उस्तादांना चहा दे."

दोघं लांब जाताच हाजी दबक्या आवाजात म्हणाले, "मागच्या बाजूनं काय ते माझ्या आजोबांनाही ठाऊक होतं, शहाण्या! लोक मिठाई डोळ्याला लावतात, ती काय मागची बाजू आठवून? आणखी कुणाजवळ बोललास?"

"कुणाजवळ नाही."

"कचेरीत?"

"नाही. पण अहवाल लिहावा म्हणतो."

 हाजींनी एकदा झाडांकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"परक्याचं तोंड मी किती दिवस दाबून धरू? शुक्रवारी आईला बोलाव."

"पण हाजी, झाडं..."

"झाडांचं पुढच्या वर्षी बघू. मावा काही रुसत नाही. तुझं तोंड मात्र आजच बंद झालं पाहिजे. जावई सासरचं बाहेर बोलत नाही."

ओसरीवर जाऊन हाजींनी दोन्ही हात पसरले. "उस्ताद, उलगडा झाला! पोरीचं लग्न ठरलं. म्हणून वरूनच झाडांना आंघोळ घातली गेली."

उस्तादांनी दाढी कुरवाळली. "असंही होतं म्हणा. मुबारक! मग पुढच्या वर्षीचा गझो मलाच."

"खरं म्हणजे उस्ताद, शास्त्रीयदृष्ट्या..." रेबवारनं तोंड उघडलं.

चिनारनं त्यात भाकरीचा भला मोठा तुकडा कोंबला. "चावा," ती म्हणाली. "सावकाश."