डांबरावरचा ओला फडका

मंगरूळपिरात वैशाखातल्या दुपारी घोटभर गार पाण्याची मारामार, आणि आमचे शेजारी लतीफचाचा माठातलं पाणी डांबराच्या गोळ्यावर घालत. थाळीतल्या त्या भाकरीएवढ्या काळ्या गोळ्यावर ओला फडका पसरत आणि स्वतः कोमट पाणी पीत. म्हणत, "मले चालते, भाऊ. तिले नाही चालत."

एकट्या जिवाच्या घरात ही 'ती' कोण, हे विचारायला कोणी धजत नसे.

चाचा पिंजारी. कापूस पिंजून पिंजून भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. दर उन्हाळ्यात वाशीमच्या मोच्याकडून ते मुलीच्या वहाणा करून आणत, दर वर्षी थोड्या मोठ्या, आणि कोनाड्यात ओळीनं मांडत. गल्लीतल्या बाया त्या दारावरून जाताना लेकरांना पदराखाली घेत.

महायुद्धामुळे तेल मिळेना आणि माझ्या छकड्याचं चाक भर बाजारात किंचाळायचं. वंगणाला चिमूटभर डांबर मागावं म्हणून मी एकदा गेलो. चाचांनी फडका उचलला. खारट, रॉकेलसारखा वास आला. डांबरात एक चिमुकलं पाऊल उमटलेलं होतं. टाच, पाच बोटं, सगळं.

"रुकैया, काकाले सलाम कर, बेटी."

माझे हात आपोआप जोडले गेले.

तरुणपणी चाचा लेकीला घेऊन कोकणात गाद्या भरायला गेले होते. "समुद्राच्या पोटात तेल हाये," ते सांगू लागले. "ते पाझरते, अन् पावसाच्या तोंडावर लाटा त्याचे गोळे काठावर आणून टाकते." अशाच मऊ गोळ्यावर दोन वर्षांच्या रुकैयानं पाय दिला आणि खदखदून हसली. आठवड्याच्या आत ती तापानं गेली. बायको आधीच गेली होती. पोरीला तिथंच माती देऊन चाचा तेवढा गोळा घेऊन परतले.

"पाय वाढून राह्यला तिचा," म्हणत त्यांनी कापूस पिंजायच्या धनुकलीची तात ठशावर धरून माप घेतलं.

"चाचा, उन्हानं डांबर पसरतं."

"मले मालूम नाही काय? पन लेकरू वाढनारच ना, भाऊ."

तेवढ्यात ठशाचा अंगठा हलला. बुडबुडा असेल. मी मात्र वंगण न मागताच घर गाठलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात चाचा वहाणा आणायला वाशीमला निघाले. "दुपारी फडका ओला करजा. इसरू नका," असं मला दोनदा बजावलं. मी जेवलो, जरा आडवा झालो आणि डोळा लागला. उठलो तेव्हा उन्हं कलली होती. धावत गेलो. फडका वाळून कडक झाला होता. डांबर थाळीतून उतरून थेट उंबऱ्यापर्यंत ओघळलं होतं. पाऊल कुठंच नव्हतं. मी वेड्यासारखी अख्खी घागर त्यावर ओतली.

दिवेलागणीच्या आधी चाचा आले. मी त्यांचे पाय धरले. ते त्या काळ्या ओघळाकडे पाहत राहिले.

"सोळाची झाली असती," ते म्हणाले. "गेली सासरी."

"चाचा, मी झोपलो. माझीच चूक..."

"तुमी झोपले मनून तं जाता आलं तिले. मी असतो तं जाऊ देल्लं असतं काय?"

मग त्यांनी काखेतलं गाठोडं सोडलं आणि नव्या कोऱ्या वहाणा उंबऱ्याबाहेर, रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या.

"अनवाणीच गेली, भाऊ," ते म्हणाले. "अन् ऊन लय हाये."