रविवारची पाहुणी

त्या रविवारीही गोपीचंदजींनी उजेड असतानाच पायात चप्पल सरकवली आणि लेकीला म्हणाले, "चल बेटा, बस चालली जाईल."

"आहे ना वेळ, बाबा."

"नियम आहे. पाहुण्यानं सातच्या आत निघाचं. म्याच केला, अन मीच मोडू काय?"

नियम खरोखर त्यांनीच केले होते. जवाहरनगरच्या कारखान्याची क्वार्टर सोडावी लागलेल्या चौघा निवृत्तांनी भंडाऱ्याच्या टोकाला मिळून घर बांधले होते. सहकारी तत्त्वावर. खोली ज्याची त्याची, स्वयंपाकघर सगळ्यांचे. पहिल्याच वर्षी त्यांच्यातल्या गिरजाबाईंचा भाचा दोन दिवसांसाठी आला आणि धान कापणीला येईपर्यंत हलला नाही. तेव्हा गोपीचंदजींनी नियम केले. दुसऱ्याच्या खोलीत विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही. पाहुणा आत असेल तर दार उघडे. रात्री ठेवायचा असेल, तर यजमान हजर हवा आणि सगळ्यांची संमती हवी.

हर्षा लाखनीच्या वाचनालयात नोकरीला होती. ती दर रविवारी येई आणि दर रविवारी सातच्या आत बसमध्ये बसवली जाई. निघताना तिने स्वयंपाकघरात डोकावले. गॅसवर मोठे पातेले रटरटत होते.

"एवढा भात कोणाले, बाबा?"

"घरात माणसं आहेत," ते म्हणाले आणि घड्याळाकडे बघत राहिले.

'आज राहते' हे दोन शब्द याही रविवारी तिच्या ओठांपर्यंत आले होते. पण नियमाच्या माणसाला अडचणीत कशाला आणायचे, म्हणून ती बसमध्ये चढली.

मंगळवारी सकाळी गोपीचंदजी चहाला आले नाहीत. दार नुसते लोटलेले होते, पण आतून "या" आल्याशिवाय जायचे नाही, म्हणून गिरजाबाई कप धरून "येऊ का, भाऊ?" असे विचारतच राहिल्या. चहावर साय धरली. शेवटी शेजारच्या खोलीतल्या चंद्रकलाबाई न विचारता आत गेल्या. त्या घरात नियम मोडण्याची ती पहिली वेळ.

गोपीचंदजींच्या निधनानंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्यानंतरच्या रविवारी हर्षा खोली आवरायला आली.

"दार उघडं ठेवजो, बेटा," चंद्रकलाबाईंनी सांगितले. त्या मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्तीची बातमी अजून त्यांच्या आवाजापर्यंत पोहोचली नव्हती.

हर्षाने दार उघडेच ठेवले होते. पण खुंटीवरचा बाबांचा स्वेटर हातात आला, आणि आता आपल्याला कोणी बघू नये असे तिला वाटले. तिने दार लावून कडी सरकवली. कडी बाबांनी स्वतः घडवली होती. दारूगोळ्याच्या कारखान्यातला माणूस. रणगाडा अडेल अशी केली होती. संध्याकाळी ती मागे सरकेचना. खिडकीला गज.

"मंगरूकाका! कडी अडकली!"

मंगरूभाऊ एकेकाळी फॅक्टरीची बस चालवत. ते धावत आले. "ओढ ना जोरानं!"

"ओढूनच राहिले ना!"

"बाजूले हो. म्या धक्का मारतो."

"खबरदार!" चंद्रकलाबाई आडव्या आल्या. "दुसऱ्याची खोली आहे ते."

"दुसरा आहे कुठं आता?"

गिरजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. चंद्रकलाबाईंनी घसा साफ केला.

"अन दार समद्याच्या मालकीचं आहे. तोडाचं तर चारी सभासदांची सभा लागते."

"आपण तर तिघंच हावो."

"चौथी जागा वारसाची."

"वारस आत हाये ना, बाई!"

दाराबाहेर खुर्च्या मांडून सभा भरली. दार तोडायला मंगरूभाऊंनी हात वर केला, गिरजाबाईंनी केला.

"हर्षा, तुहा हात?"

"वर केला, मावशी."

"दिसून नाही राहिला."

"दार बंद आहे ना!"

"तेच विचारतो मी, बंद काहून केलं?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या घड्याळाने सातचे ठोके दिले. चंद्रकलाबाईंचा हात छातीवर गेला. "व माय! सात!" यजमान नाही, दार बंद, वेळ टळलेली. एका पाहुणीने सगळे नियम एकदम झोपवले होते. "गोपीचंदभाऊ असते तर काय म्हटलं असतं!"

"काय म्हटलं असतं?" मंगरूभाऊ उसळले. "दर रविवारी सकाळी आपल्या दारोदारी येऊन परवानगी मांगे, विसरली काय? 'आज पोरगी राहील म्हणतो.' भात जास्तीचा टाकाले लावे. अन तिले बसवून आला का तोंड पाडून जेवे. मंग सोमवारी फोडणीचा भात! दर सोमवारी! आता तर फोडणीचा वास आला तरी मले सोमवार वाटते."

हर्षा आतून हळूच म्हणाली, "काका, पण घाई तर बाबाच करत. बस जाईल, बस जाईल."

"तू 'राहते' म्हणशील याची वाट पाहे तो. आपल्या तोंडानं कसा म्हणन? नियम त्याचाच होता ना!"

चंद्रकलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे यजमानाची परवानगी होती," त्या सावकाश म्हणाल्या. "आपलीही होती. अन कोणीच मागं घेतली नाही."

"नाही घेतली," गिरजाबाई म्हणाल्या.

"मग दार तोडाचं कारण नाही. सुतार येईपर्यंत पाहुणी राहील. हर्षा, तुहा हात वर आहे असं धरून चालतो."

"खिडकीतून ताट देतो, पोरी," म्हणत गिरजाबाई उठल्या. "तांदूळ टाकतो. जास्तीचेच टाकतो."

हर्षाचा हात अजून कडीवरच होता. तिने आधारासाठी कडीवर भार टाकला आणि ती थोडी वर उचलली गेली. ओढायची नव्हतीच, उचलायची होती. कडी लोण्यासारखी मागे आली. दाराची फट उघडली आणि व्हरांड्यातून खुर्च्या उचलून नेणाऱ्या मंगरूभाऊंची पाठ दिसली.

तिने दार अलगद लोटले. कडी उचलली आणि आवाज न होऊ देता पुन्हा पुरती सरकवली. बाबांचा स्वेटर अंगात घातला, खाटेच्या कडेला बसली, आणि रिकाम्या उशीकडे बघून मोठ्याने म्हणाली,

"बाबा, आज राहते मी."