उष्ट्या हळदीचा उरण दौरा

प्रणित भोईरला "काय शिकतोस रे?" असं विचारायचं नाही, एवढं शहाणपण पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या कोंबड्यांनाही आलं होतं. कारण विचारलं की तो सांगायचा. तुमच्या हातातली दुधाची पिशवी कोमट होईपर्यंत सांगायचा. "कंबाइन्ड मास्टर्स. इंटरनॅशनल बिझनेस प्लस लॉजिस्टिक्स मॅनेजमेंट. लोक एक करतात, मी दोन एकदम करतोय." आणि 'एकदम' म्हणताना दोन बोटं अशी वर करायचा, जणू आत्ताच ग्रामपंचायतीत निवडून आलाय.

त्याच्या मोठ्या बहिणीचं, मनिषाचं लग्न कामोठ्याच्या इंद्रजीतशी ठरलं आणि प्रणितने बाह्या सरसावल्या.

"बाबा, या लग्नाची सप्लाय चेन माझ्याकडे."

जगन भोईर यांना चेन म्हणजे सायकलची तेवढी माहीत. ते म्हणाले, "घे बाबा. फक्त मटन कमी पडू देऊ नको."

मटण, खुर्च्या, बर्फ, मांडवाचे बांबू असं सगळं प्रणितने लॅपटॉपवर चढवलं. रंगीत चौकोन, त्यांना जोडणारे बाण. मनिषाने डोकावून पाहिलं तर एका चौकोनात तिचं नाव होतं आणि वर लिहिलं होतं 'अंतिम ग्राहक'.

"मी ग्राहक?"

"ताई, पर्सनली घेऊ नको. थिअरी आहे ती."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग त्याची नजर उष्ट्या हळदीवर गेली.

आपल्याकडे रीत ठरलेली आहे. आधी नवऱ्याला हळद लागते. त्यातली उरलेली, उष्टी हळद नवऱ्याच्या बहिणी, मावश्या गाणी म्हणत नवरीच्या घरी आणतात, आणि तीच नवरीला लागते. ती आल्याशिवाय नवरीच्या गालाला बोट लावायचं नाही. कामोठ्याहून विचुंब्याला ही वरात दरवेळी हसतखेळत पोचते. प्रणितला मात्र त्यात भयंकर नासाडी दिसली.

"एका वाटीसाठी एवढ्या बायका? भरून गाड्या? परत जाताना त्या गाड्यांत मालच नाही? आत्या, जगात असं कुठेच चालत नाही."

"जगात हलद लावतान का?" सखूबाई आत्याने विचारलं. सखूबाई म्हणजे जगनची मोठी बहीण. घरातला शेवटचा शब्द तिचा, आणि बहुतेक वेळा पहिलासुद्धा.

पण प्रणितने कामोठ्याला फोन करून बायकांचं येणं रद्द केलं. त्यांनी दुपारी थेट जेवायलाच यावं. हळद गावातल्या काळूरामच्या टेम्पोतून येईल. टेम्पोत ट्रॅकर बसवला आणि काळूरामला मांडवात उभं करून अर्धा तास शिकवलं.

"लक्षात ठेव, रिकामी गाडी म्हणजे पाप. टेम्पोत जागा उरली तर वाटेतला माल घ्यायचा, वाटेतच सोडायचा. कळलं?"

"कळलं शेठ," काळूराम म्हणाला. त्याला खरंच कळलं होतं. घोटाळा तोच झाला.

वाटीच्या खोक्यावर चिकटवायला प्रणितने स्वतः लेबल छापलं होतं. झोकदार, चौकटीचं, कॉलेजात शिकवलं तसं. 'नाजूक माल. उष्टी हळद. घेणार : नवरी.' नाव, गाव कुठेच नाही. का, तर मोजके शब्द हीच आंतरराष्ट्रीय पद्धत.

हळदीच्या सकाळी मनिषा पिवळी साडी नेसून पाटावर बसली. धवले, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बायकांनी गळे साफ केले. टेम्पोचा ठिपका कामोठ्याहून निघालेला प्रणितने सगळ्यांना मोबाइलवर दाखवला. ठिपका पनवेलकडे वळला.

"हा काय, बाजारात चाललाय," मनिषा म्हणाली.

"सिस्टिम ट्रॅफिक चुकवते ताई. तुला नाही कळायचं."

ठिपक्याने पनवेल सोडलं. मग तो बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या रांगेत शिरला आणि गोगलगायीसारखा पुढे सरकू लागला. धवले म्हणणाऱ्या बायकांनी दुसऱ्यांदा चहा मागितला.

सखूबाईने चष्मा वर करून मोबाइल बघितला. "काय रं, हलद दुबईला चालली काय? तुजा इंटरनॅशनल काय तो बिझनेस, तो हाच ना?"

प्रणितने घाईघाईने नंबर फिरवला. काळूराम फोन उचलेना. उचलला तेव्हा त्याचा आवाज परीक्षेत पहिला आल्यासारखा.

"पोचली शेठ. नवरीला लावलीपन. फोटो टाकलाय बघा."

फोटो उघडला. सगळ्या बायका मोबाइलवर वाकल्या. फोटोत एक गोड मुलगी पाटावर बसली होती. गाल पिवळेधम्मक, चेहऱ्यावर लाजरं हसू. फक्त ती मनिषा नव्हती.

"ही कोन?" सखूबाईने विचारलं.

प्रणितने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, तरी ती मनिषा होईना.

हळूहळू उलगडा झाला. एवढ्या मोठ्या टेम्पोत एकच वाटी बघून काळूरामला पाप लागल्यासारखं झालं. पनवेलला एक केटरर उरणच्या हळदीला भांडी पाठवायला गाडी शोधत होता. काळूरामने माल घेतला. उरणजवळच्या गावात कृष्णकांत ठाकूर यांच्या दारात भांडी उतरली, आणि त्यांच्याकडच्या बायका तर नवऱ्याकडून येणाऱ्या उष्ट्या हळदीची वाटच बघत होत्या. खोकं दिसलं. लेबल वाचलं. घेणार : नवरी. नवरी समोर तयारच बसलेली, आणि 'वाटेतच सोडायचा' हा हुकूम काळूरामच्या पक्का लक्षात.

"शेठ, तुमीच बोललाव ना, गाडी भरून न्या," काळूराम म्हणाला.

"अरे, पण वाटेतला माल! उरण काय वाटेत आहे?"

"माज्या वाटेत नाय. पन तुमचं बंदराचं मोटं शिक्षन, मला वाटलं तिकडूनच असंल."

तेवढ्यात काळूरामकडून नंबर घेऊन कृष्णकांत ठाकूरांचाच फोन आला, आणि तो सखूबाईने घेतला.

"आमच्या पोरीला कुनाची हलद लावलीत तुमी? आमच्या जावयाची हलद आता दारात आली हाय!"

"आमच्या जावयाची," सखूबाई म्हणाली. "इंद्रजीत नाव. पोरगा चांगला हाय, पन एकच हाय, दोन घरांना नाय पुरनार."

 ठाकूर खालच्या आवाजात म्हणाले, "मंग आता काय करायचं बाय?"

"काय म्हंजे? पोरीला आंघोल घाला. तुमची हलद लावा. पान्यानं जात नाय असं काय नसतं. आमचा पोरगा जरा जास्त शिकलाय, त्याला पदरात घ्या."

तिकडचं मिटलं. इकडे मनिषाच्या डोळ्यांत पाणी. इंद्रजीतची हळद दुसऱ्या मुलीच्या गालावर, आणि ती सकाळपासून पाटावर कोरडी. "प्रणित," ती एवढंच म्हणाली, पण ते ऐकून त्याच्या दोन्ही डिग्र्या गळून पडल्या. तो रस्त्यावर धावला आणि दिसली ती रिक्षा पकडली.

कामोठ्यात इंद्रजीत आंघोळ करून, पावडर लावून कोंबडी-वड्यांवर तुटून पडला होता. त्याला तोंडातल्या घासासकट पुन्हा पाटावर बसवलं. पुन्हा हळद, पुन्हा गाणी. मावश्यांनी सूड म्हणून सगळी गाणी सुरुवातीपासून म्हटली. "आम्ही आणली असती ना, मघाशीच पोचलो असतो," एक मावशी म्हणाली आणि गच्च भरलेली वाटी प्रणितच्या मांडीवर ठेवली. खोकं नाही, लेबल नाही. उलट रिक्षावाल्यालाच बजावलं, "दुसरं कुठलं भाडं घेऊ नका हां, दादा."

रिक्षावाल्याने घेतलं नाही. फक्त नवीन पनवेलच्या पुलाखालचा एक खड्डा घेतला.

प्रणित मांडवात शिरला तेव्हा मुलं घाबरून मागे सरकली. केस, भुवया, ब्रँडेड शर्ट, सगळं पिवळं. वाटीच्या तळाशी मात्र मनिषापुरती हळद शिल्लक होती. सखूबाईने ती बोटाने निपटून घेतली, बायकांनी धवला उचलला, आणि मनिषाचा गाल पिवळा झाला तसा सगळ्या मांडवाने श्वास सोडला.

प्रणितनेही सोडला. मग लॅपटॉपकडे वळला. "आत्या, आता उद्याच्या हॉलच्या गाड्यांचं मी..."

"खाली बस," सखूबाई म्हणाली.

"का?"

"अंगाला हलद लागली का उंबऱ्याबाहेर जायचं नाय. वारं लागतं."

"पण ते नवरदेवाला! मी कुठे..."

"तुला त्याच्यापरीस जास्त लागलीय." तिने त्याच्या हातात नवरदेवाला देतात तशी लिंबू खोचलेली सुरी दिली आणि मागच्या खोलीत पाटावर बसवलं. जगनने दार लोटून बाहेरून कडी घातली.  मनिषाने तर त्याआधी जाताजाता त्याच्या गालावर आणखी एक बोट ओढलं.

दुसऱ्या दिवशी गाड्या कुणी लावल्या, सामान कुणी मोजलं, कुणालाच माहीत नाही. चौकोन नव्हते, बाण नव्हते. नवरी, करवल्या, रुखवत, भटजी, धवले म्हणणाऱ्या बायका, सगळा माल पनवेलच्या हॉलवर वेळेआधी पोचला. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, आणि नवऱ्याचा कान पिळायला नवरीच्या भावाला हाक मारली तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं, की एक नग गोदामातच राहिलाय.