आवक क्रमांक दोनशे चौदा

माणसाची पारख करायला सगळा जन्म पुरत नाही, असं जुनी माणसं सांगून गेली आहेत. म्हणून क्लबने त्यासाठी चौदा दिवस दिले. पहिल्या दिवशी सकाळी केलेली मोजणी अशी: कार्यकारी समितीचे सदस्य नऊ, खुर्च्या आठ (एक सदस्य नेहमी उशिरा येतो), चहाचे कप अकरा, पैकी कान शाबूत असलेले सात, नवे क्रीडा संचालक एक, गेल्या सहा वर्षांत येऊन गेलेले पाच, खेळाडूंच्या देवघेवीच्या मुदतीत आलेले चार, गेलेले दोन, मुदत संपल्यापासून संघाने खेळलेले सामने शून्य, छापलेल्या प्रश्नपत्रिका बाराशे पन्नास, टोक असलेल्या पेन्सिली चाळीस, भिंतीवरची घड्याळं दोन, त्यांच्यातला फरक सहा मिनिटं.

हीच मोजणी पुढे अहवालाचा पहिला परिच्छेद म्हणून शब्दशः घेण्यात आली. ती करणारी मुलगी सहा महिन्यांच्या बोलीवर कामाला लागली होती. त्याआधी ती बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत होती. तिथे शंभर दाणे ओल्या कागदावर मांडायचे, सात दिवस थांबायचं आणि किती उगवले ते मोजायचं, एवढंच काम. सहाव्या दिवशी कुणी निकाल विचारायला आलं, तर वरिष्ठ मान वर न करता म्हणत, "उद्या या." क्लबमध्ये तिला दशांशताई म्हणत, कारण पहिल्याच बैठकीत तिने 'साधारण निम्मे' या शब्दांना हरकत घेतली होती.

फुटबॉलमध्ये खेळाडू घ्यायच्या आणि सोडायच्या मुदतीला खिडकी म्हणतात. ती एकतीस दिवस उघडी असते. खेळाडू खिडकीतून येतात-जातात. दार क्रीडा संचालकासाठी राखून ठेवलेलं असतं. कुणाला घ्यायचं आणि कुणाला सोडायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे क्रीडा संचालक, आणि त्याचं चुकलं हे ठरवणारे म्हणजे बाकी सगळे. या विभागणीमुळे कामाचा ताण एकट्या माणसावर पडत नाही.

संचालकाच्या दारावर नावाची पाटी पितळी खाचेत सरकवायची सोय होती. पहिल्या दोघांच्या पाट्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या. मग सुतारानेच सांगितलं की माणसं बदला, पण दाराचा तरी विचार करा.

नवा संचालक एके काळचा गोलरक्षक. बोलायला कमी, उभा राहिला की हात आपोआप थोडे फाकलेले. भाड्याच्या तीन खोल्यांत त्याची बावीस खोकी येऊन पडली होती. बायकोने त्यांतली तीन उघडली: भांड्यांचं, अंथरुणांचं आणि मुलीच्या वह्यांचं. मुलगी नऊ वर्षांची, आणि ही तिची चौथी शाळा. "बाकीची निकाल लागल्यावर," बायको म्हणाली. "दोनदा बांधाबांध कोण करत बसणार?"

मूल्यमापनाचा नियम मात्र सोपा, आणि कुणाचीही भीड न ठेवणारा होता. खिडकीच्या मुदतीत क्रीडा संचालकाच्या सहीने आवक झालेल्या प्रत्येकाला समर्थकांनी दहापैकी गुण द्यावेत. सर्वांची सरासरी साडेपाच किंवा त्याहून जास्त आल्यास संचालक राहील. कमी आल्यास त्याचे आभार मानण्यात येतील. (आभाराचा ठराव आधीच टंकून ठेवला होता. तारखेपुरती जागा मोकळी होती.)

दशांशताईने अध्यक्षांना विचारलं, "इतक्यात कसं कळणार? निदान एखादं वर्ष तरी जाऊ द्या."

अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान होतं. ते म्हणाले, "ताई, मी चाळीस वर्षं खुर्च्या विकतोय. बसायच्या आधीच लोक सांगतात, ही मोडणार."

"आणि मोडते?"

"बसतात कुठे? तुम्ही आकडा आणा. एकच आणा. दशांश चिन्हानंतर एक घर चालेल, आम्ही काही अडाणी नाही."

तिने एक सुधारणा सुचवली आणि ती मान्य झाली. नाव पाहिलं की माणसाचं मत आधीच फिरतं, म्हणून प्रश्नपत्रिकेत नावं द्यायची नाहीत. फक्त नोंदी द्यायच्या. नोंदी हेडक्लार्ककडे होत्या. हेडक्लार्क अठ्ठावीस वर्षं आवक-जावक वही सांभाळत होता, आणि क्लबमध्ये जे जे येतं ते त्याच्या लेखी आवक होतं, मग ते पत्र असो की मधल्या फळीतला खेळाडू. संचालकाच्या सहीच्या चार नोंदी त्याने सुवाच्य अक्षरात उतरवून दिल्या:

आवक क्र. २०७. वय १९. वजन ७४ किलो. मुदत चार वर्षं. शेरा: हसतमुख.
आवक क्र. २०९. वय २६. वजन ७९ किलो. मुदत तीन वर्षं. शेरा: गुडघा नाजूक, सहा आठवडे जपावा.
आवक क्र. २१२. वय ३४. वजन ८८ किलो. मुदत एक वर्ष. शेरा: अनुभवी.
आवक क्र. २१४. वय नवीन. वजन ९१ किलो. मुदत पाच वर्षं, हमीसह. शेरा: भार पेलण्याची क्षमता उत्तम. आवाज नाही. पाणी जास्त.

'वय नवीन' हे वाचून दुसरं कुणी थबकलं असतं. पण बियाण्याच्या प्रयोगशाळेत वयाच्या रकान्यात नवीन म्हणजे याच हंगामातलं, असा सरळ अर्थ होता. दशांशताईने तो सवयीने घेतला आणि नोंदी छपाईला गेल्या.

समर्थकांनी कामात कुचराई केली नाही. बाराशे पन्नासपैकी बाराशे बारा प्रश्नपत्रिका भरून परत आल्या. प्रत्येकीला सरासरी चार मिनिटं दहा सेकंद लागले, पैकी तीन मिनिटं वीस सेकंद 'इतर सूचना' या चौकटीत गेले. तेहतीस जणांनी चौकट अपुरी पडल्याने पुरवणी जोडली. एकाने तर पुरवणीच जोडली होती, प्रश्नपत्रिका नव्हती.

"एकोणीस वर्षांचा पोरगा आणि हसतमुख?" मैदानासमोरच्या केशकर्तनालयात न्हावी कात्री थांबवून म्हणाला. "बचावाला उभा राहणारा माणूस हसला की समोरचा गोल करून जातो. चार द्या त्याला."

"गुडघेवाल्याला किती?" त्याने गिऱ्हाइकाला विचारलं.

"त्याला मीही चार देतो, तो चालत आला तर." खुर्चीतलं गिऱ्हाईक, व्यवसायाने रंगारी. "आणि हा चौतीसचा. माझा मेहुणा चौतीसचा आहे. जिना चढायचा म्हटलं की आधी बसतो."

"दोनशे चौदा बघा पण," न्हावी म्हणाला.

"तो हिरा आहे. भार पेलतो, तोंडातून शब्द नाही, पाच वर्षं कुठे जात नाही म्हणून लिहून देतो. अहो, खेळाडू कसला, जावई म्हणून चालेल."

"पाणी जास्त पितो म्हणे."

"पिऊ दे की. पाणीच पितोय ना?"

हे मत अपवादात्मक नव्हतं. क्रमांक दोनशे चौदाला आपण पूर्वी खेळताना पाहिलं आहे, असं सतरा टक्के लोकांनी लिहिलं. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा डावा पाय विशेष आवडला होता. चार टक्के लोक त्याच्या घरच्यांना ओळखत होते आणि घराणं चांगलं असल्याचं सांगत होते.

बाराव्या दिवशी बेरीज झाली. दोनशे सात: ४.६. दोनशे नऊ: ४.१. दोनशे बारा: ५.४. दोनशे चौदा: ८.३. सरासरी ५.६. संचालक एका दशांशाने तरला होता.

दशांशताईने आकडा लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवली नाही. बियाण्याच्या तीन ताटल्यांत पंचावन्न टक्केही उगवलं नाही आणि चौथीत एकदम त्र्याऐंशी टक्के उगवलं, तर आधी चौथ्या ताटलीत काय आहे ते बघायचं, असं तिला शिकवलं होतं. ती हेडक्लार्ककडे गेली.

"भाऊसाहेब, दोनशे चौदा कुठे भेटतील?"

"खाली. कपड्यांच्या खोलीत."

"तिथे काय करतायत?"

"धुतायत."

ती खाली गेली. खोलीत एक पांढरं वॉशिंग मशीन भिंतीला लागून उभं होतं आणि खरोखरच आवाज न करता फिरत होतं. अंगावर हेडक्लार्कच्या अक्षरात चिठ्ठी: आ. क्र. २१४. शेजारी संघाचे कपडे धुणाऱ्या मावशी स्टुलावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होत्या.

"याला बघायला आलीस?" मावशी म्हणाल्या. "बघ बाई. कालपासून तिसरी आहेस. दोघं तर याच्यासोबत फोटो काढून गेले, का कोण जाणे."

दशांशताईने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मावशी जोड्या लावता लावता पुढे बोलत राहिल्या. "जुनं मशीन पिळायचंच नाही. मोजे ओलेच द्यायचे मी, काय करणार? मग पोरांच्या टाचा सोलवटायच्या. हे नवे साहेब आले, म्हटलं मैदान बघायला जातील. तर हे आधी इथे. एक मोजा उचलला आणि हाताने पिळून बघितला. म्हणाले, मावशी, असं किती दिवस चाललंय? म्हटलं, साहेब, तुमच्या आधीचे पाच."

पायांना पट्ट्या बांधणाऱ्या डॉक्टरांकडे एक वही होती. दशांशताईने ती मागून घेतली. टाचेच्या फोडांमुळे सराव बुडाल्याच्या नोंदी गेल्या वर्षी याच महिन्यात एकतीस, यंदा सहा. प्रश्नपत्रिकेतल्या बावीस प्रश्नांत याविषयी प्रश्न नव्हता. तो बसवायला जागा होती, पण तिथे क्लबचं बोधचिन्ह छापलं होतं.

वर येऊन तिने मशीन वगळून सरासरी काढली: ४.७. तीनदा काढली, आकड्याने दाद दिली नाही.

"भाऊसाहेब, यादीत यंत्र कसं आलं?"

"नियम वाचा, ताई. संचालकाच्या सहीने आवक झालेल्या प्रत्येकाला. दोनशे आठला बल्ब आले, ते सचिवांच्या सहीने. घेतले का मी? नाही घेतले." हेडक्लार्कने चष्मा पुसला. "मी नियमाच्या बाहेर जात नाही. फार आतही जात नाही."

मग ती संचालकाकडे गेली आणि दोन्ही आकडे टेबलावर ठेवले. तो ४.७ कडे बघत राहिला, चेंडू कुठल्या कोपऱ्यात येणार ते ताडल्यासारखा.

"काढून टाका यंत्र," तो म्हणाला.

"मग आभाराचा ठराव येईल."

"येऊ दे. मी आयुष्यात पुष्कळ गोल खाल्लेत, ताई. पण रेषेच्या आत आलेला चेंडू बाहेर होता, असं कधी सांगितलं नाही."

"मुलीची शाळा?"

"पाचवी बघू." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "मोजे वाळतायत का पण नीट?"

"वाळतायत."

दशांशताईने दोन दिवस विचार केला, आणि तो शास्त्राला धरून केला. नियमाप्रमाणे उत्तर ५.६ होतं. नियम चूक असला, तरी तो तिने केला नव्हता. पण दडवादडवी केली, तर तिला स्वतःलाच दहापैकी शून्य द्यावं लागलं असतं. म्हणून अहवालाच्या पहिल्या पानावर तिने ५.६ लिहिलं, आणि तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात तीन वाक्यं: दोनशे चौदा हे वॉशिंग मशीन आहे. ते वगळल्यास सरासरी ४.७ येते. या दोन्ही आकड्यांवरून संचालकाविषयी काहीही कळत नाही.

चौदाव्या दिवशी समिती बसली (आठ बसले, एक उभा). अध्यक्षांनी पहिलं पान वाचलं.

"पाच पूर्णांक सहा. झालं. माणूस कामाचा आहे, मला तर पहिल्या दिवशीच वाटलं होतं."

"मलाही," बाकीचे सात म्हणाले. आभाराचा ठराव दोन वेळा आग्रहाने सुधारून घेणारे सदस्यही त्यांत होते.

"पान तीन वाचावं," दशांशताई म्हणाली.

"वाचू ना. सवडीने वाचू."

उशिरा आलेल्या सदस्याने उभ्यानेच सूचना मांडली की, एवढे गुण मिळवणाऱ्या माणसाला बाकावर बसवणं योग्य नाही. दोनशे चौदाला येत्या शनिवारी मधल्या फळीत उतरवावं. ठराव एकमताने मंजूर झाला. संचालकाने लेखी उत्तर दिलं: 'दोनशे चौदाची सध्या खालच्या खोलीत जास्त गरज आहे.' समितीने ते वाचून समाधान व्यक्त केलं. नवा माणूस खेळाडूंना डोक्यावर बसवत नाही, अशी नोंद इतिवृत्तात झाली.

आभाराचा ठराव कपाटात परत गेला, तारीख मोकळीच. भाड्याच्या तीन खोल्यांत त्या संध्याकाळी चौथं खोकं उघडलं. त्यात पडदे होते.

राहता राहिला एक प्रयोग. अहवाल कोण कसं वाचतं, हे पाहण्याची दशांशताईला उत्सुकता होती. चाळीस पेन्सिली उरल्या होत्या, म्हणून तिने चाळीस माणसं निवडली: समितीचे नऊ, न्हावी, रंगारी, मावशी, हेडक्लार्क, आणि सत्तावीस जण फाटकापाशी भेटतील तसे. प्रत्येकाने अहवाल पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत तिच्यासमोर वाचला. वाचून झाल्यावर दोन प्रश्न. संचालकाविषयी तुमचं मत ठरलं का? आणि खिडकी बंद झाल्यापासून संघ किती सामने खेळला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या परिच्छेदात होतं. मागे जाऊन बघायचं नाही, एवढी एकच अट.

मत ठरलेले: चाळीस. सामन्यांचा आकडा मागे न बघता बरोबर सांगणारे: तीन. अट मोडून पहिला परिच्छेद पुन्हा बघून आलेले: छत्तीस.