उणे सहा तासांचा प्रवास

पूर्वेच्या टोकाच्या एका देशातल्या पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढणाऱ्या एका आरेखकांची थोरली बहीण परदेशात एकटी राहत होती. तिचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं. आरेखकांनी मंगळवारच्या विमानाचं तिकीट काढलं आणि रीतसर रजेचा अर्ज केला. इथवर त्यांच्या हातून काहीही चुकलेलं नव्हतं.

अर्जात 'प्रवासाचे अंतर' असा रकाना होता. त्यांनी अकरा हजार किलोमीटर लिहिलं. रजा विभागातल्या बाईंनी संगणकावर पडताळून पाहिलं. एक संकेतस्थळ अकरा हजार बेचाळीस सांगत होतं, दुसरं दहा हजार नऊशे ऐंशी.

"यातलं खरं कुठलं?"

"बाई, विमान वाऱ्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे जातं."

"कार्यालयीन कामात इकडेतिकडे चालत नाही. दोन्ही विमानतळांचे दाखले जोडा."

मग बाईंची नजर तिकिटावर गेली. मंगळवारी संध्याकाळी सातला निघणे, मंगळवारीच दुपारी एकला पोहोचणे.

"निघायच्या आधीच पोहोचताय?"

"वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते, तिथली घड्याळं एकोणीस तास मागे आहेत. प्रवास तेरा तासांचा आहे."

"घड्याळं असतील मागे. कागदावर प्रवासकाल उणे सहा तास येतो. म्हणजे सहा तासांचं येणं तुमच्याकडूनच निघतं."

फाइल अधीक्षकांकडे गेली. त्यांनी शेरा मारला : 'उणे प्रवासकाल मंजूर करण्याची तरतूद आढळत नाही. वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवावे.' मार्गदर्शनाला साधारण महिना लागतो, असं बाईंनी आपुलकीने सांगितलं.

मंगळवारी तीनपर्यंत आरेखकांनी वाट पाहिली. मग हजेरीपटावर सही केली, बॅग उचलली आणि सरळ विमानतळ गाठला.

गुरुवारी ताई शुद्धीवर आली तेव्हा ते उशाशी बसले होते.

"आलास होय रे? आणि रजा?"

"मिळाली की! लगेच दिली."

बावीस वर्षांच्या नोकरीतलं हे त्यांचं पहिलं खोटं.

शनिवारी रात्री निघून ते सोमवारी पहाटे परतले आणि दहाच्या ठोक्याला चौकशीला उभे राहिले.

"मंगळवारी दुपारी तीनला तुमची इथे सही आहे," अधीक्षक म्हणाले, "आणि तिकीट नि पारपत्रावरचा शिक्का सांगतात की मंगळवारी दुपारी एकलाच तुम्ही परदेशात उतरलात. खोटं काय, सही की शिक्का?"

"दोन्ही खरं आहे, साहेब."

"बरं. शनिवारी निघालात, सोमवारी उतरलात. रविवारी कुठे होतात?"

"साहेब, रविवारी सुट्टी असते."

"सुट्टी मंजूर आहे हो. पण तुम्ही ती घेतलीत कुठे? जागा दाखवा."

आरेखकांनी छताकडे बोट दाखवलं. 'उद्धट हावभाव' अशी नोंद झाली आणि लेखी ताकीद मिळाली.

कागद हातात देताना अधीक्षक हळवे झाले. "राग मानू नका. बहिणीची माया मला कळत नाही का? माझी धाकटी पलीकडच्याच गल्लीत राहते. पाय मोडून चार महिने पडून आहे बिचारी."

"आता कशी आहे?"

"जायचंय एकदा. चालत सात मिनिटंच आहेत, पण वेळच कुठे मिळतो?"

सगळ्या कार्यालयाने समजूतदारपणे मान डोलावली. बाईंनी तर दोनदा. आणि वाचकहो, तुम्हीही डोलावलीत. तुमचं माणूस किती मिनिटांवर आहे?