शिंकेत गेलेला ‘ना’

न्यायाधीशांना सर्दी झाली होती आणि समोर हेडबाई उभ्या होत्या. दोन्हींपैकी एकच काहीतरी असतं तर त्यांनी सोसलं असतं.

हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या कुंपणावरची वेल शेजारच्या फोटोग्राफरच्या खिडकीवर चढली होती, स्टुडिओत दिवसाढवळ्या अंधार पडत होता. फोटोग्राफरने दावा लावला. न्यायाधीशांनी निकाल दिला, वेल कापा. आता बाईंना अपिलात जायचं होतं आणि त्यासाठी परवानगी हवी होती. परवानगी मागायची कोणाकडे, तर ज्यांनी निकाल दिला त्यांच्याचकडे. ‘साहेब, तुमचं चुकलं असेल असं तुम्हाला वाटतं का?’ हे साहेबांनाच विचारायचं आणि साहेबांनी स्वतःच्या मर्जीने, पण निःपक्षपातीपणे, ठरवायचं. कायदा करणाऱ्यांना माणसाच्या स्वभावावर फार विश्वास असावा.

“अर्ज पूर्ण वाचलात ना?” बाईंनी विचारलं. त्यांनी वकील दिला नव्हता. त्यांच्या वतीने बोलायला दुसरं कोणी कधी लागलंच नव्हतं.

“वाचतोय.”

“सावकाश वाचा. घाई नाही.”

न्यायाधीशांचं डोकं ठणकत होतं. तिसऱ्या ओळीवर त्यांनी अर्ज मिटला आणि स्टेनोबाईंना आदेश सांगायला घेतला. “अपिलाची परवानगी...” इथे त्यांना अशी शिंक आली की पट्टेवाला दचकून उभा राहिला. “...मंजूर,” असं म्हणून त्यांनी रुमालात तोंड खुपसलं. टाइप केलेला कागद आला, तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी अंदाजाने सही ठोकली आणि घरी जाऊन पडले.

संध्याकाळी बायको वाफारा घेऊन आली, ती हसतच.

“अहो, खरं का? तुम्ही चुकू शकता, असं लिहून दिलंत म्हणे?”

“कोण म्हणालं?”

“हेडबाईंची भाची आमच्या भिशीत आहे. मी तर ताईला फोन करून सांगितलं. आपल्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हा दिवस बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.”

“अगं, मी नामंजूर केलाय!”

“मंजूर लिहिलंय. तिने फोटो पाठवलाय.”

न्यायाधीशांनी फोटो पाहिला. खाली त्यांचीच सही होती, चांगली ठसठशीत. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. “दाजी, अभिनंदन! आता त्या गाडीच्या धडकेबद्दलही एकदा फेरविचार होऊन जाऊ द्या.” मेहुण्याची गाडी त्यांनी फाटकावर घातली होती आणि फाटकच पुढे आलं होतं, असं त्यांचं आजवर ठाम मत होतं. त्यांनी फोन आपटला आणि वाफाऱ्यात डोकं घातलं. तिथे निदान कोणी अभिनंदन करणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळीच स्टेनोबाईंना बोलावलं.

“यातला ‘ना’ कुठे गेला?”

“कुठला ना, साहेब?”

“नामंजूरमधला!”

“तुम्ही ‘परवानगी’ म्हणालात, मग शिंकलात, मग ‘मंजूर’ म्हणालात. शिंक मी टाइप करत नाही.”

“शिंकेत ‘ना’ होता, बाई!”

“असेल साहेब. मला ‘च्छी’ ऐकू आलं.”

शेजारच्या कोर्टातले वडीलधारे न्यायाधीश दारातूनच म्हणाले, “वाहवा! एवढं मोठं मन माझ्या पाहण्यात नाही.” त्यांना काय सांगणार? मन एवढंसंच आहे, नाक तेवढं मोठ्याने वाजलं?

चूक दुरुस्त करता येत होती, पण दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून. झालं, सगळ्यांना पुन्हा बोलावणं गेलं. ही बातमी कोर्टभर झाली आणि ज्यांचं काही काम नव्हतं ते वकीलही मागच्या बाकांवर येऊन बसले.

फोटोग्राफरचा वकील म्हणाला, “शिंक ही नैसर्गिक क्रिया आहे. तिच्यामुळे माझ्या अशिलाचं नुकसान होऊ नये.”

हेडबाई उठल्या. “मला एकच विचारायचंय. आदेशात काय लिहायचं होतं तुम्हाला? की माझा निकाल बरोबर आहे, त्यात चूक असण्याची शक्यता नाही. हेच ना?”

“हेच.”

“आणि तेच लिहिताना चूक झाली.”

मागच्या बाकांवर कोणीतरी खोकलं. ते सर्दीचं खोकणं नव्हतं.

न्यायाधीश संतापले. पण आता सगळ्यांदेखत अर्ज उघडणं भाग होतं. त्यांनी तो वाचला. वेल जुनी होती, असं बाईंचं म्हणणं होतं. फोटोग्राफरने भिंत फोडून खिडकी नंतर काढली, तीही वेलीच्या मागेच. हा मुद्दा सुनावणीत आला होता, पण निकालात त्यावर एक ओळही नव्हती. कोणत्याही दुसऱ्या न्यायाधीशाला इथे वेगळं वाटू शकलं असतं. वाईट म्हणजे, आता त्यांनाही वाटायला लागलं होतं. त्या दिवशी तिसऱ्या ओळीवर अर्ज मिटला तो सर्दीमुळे नव्हे, बाईंच्या आवाजामुळे, हे त्यांचं त्यांना कळलं आणि कान गरम झाले.

“दुरुस्तीची गरज नाही,” ते हळूच म्हणाले. मग खणखणीत आवाजात सांगितलं, “परवानगी मंजूर. लिहा, स्टेनोबाई. आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत वेल कापू नये.”

“ती कापली,” हेडबाई म्हणाल्या.

“काय?”

“निकाल लागला त्याच आठवड्यात. कोर्टाचा हुकूम पाळायला नको? मुलांना जन्मभर तेच शिकवलं.”

फोटोग्राफरने मान डोलावली. “कापलीय साहेब. आता दुपारी इतकं ऊन येतं की मी पडदा लावलाय.”

न्यायाधीशांनी कपाळाला हात लावला. “मग बाई, अपील कशासाठी?”

“निकालाच्या चौथ्या पानावर तुम्ही मला हट्टी म्हटलंय. ते खोडून पाहिजे.”

“एका शब्दासाठी एवढा खटाटोप?”

“साहेब,” हेडबाई म्हणाल्या, शाळेत फळ्यापाशी उभ्या असल्यासारख्या, “आज आम्हा सगळ्यांना कामधाम सोडून तुम्ही बोलावलंत, ते एका अक्षरासाठी.”

पट्टेवाल्याने पुढच्या दाव्याचा पुकारा केला, तेव्हा न्यायाधीशांनी त्याच्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं की तो बिचारा मागे वळून बघू लागला, साहेब नक्की कोणाकडे पाहतायत.